झणका

नेरिनाच्या खानावळीचं दार बाहेरच्या बाजूला उघडायचं,
ही बांधणाऱ्याची चूक.
बोरा सुटला की
(बोरा म्हणजे आमचा वारा, डोंगरावरून समुद्राकडे
उधारी बुडवून पळणाऱ्यासारखा धावतो)
ते दार एकट्याला आवरत नसे.
आतलं कुणीतरी काटा खाली ठेवून उठायचं,
मूठ घट्ट धरायचं आणि ओरडायचं, "ये, ये लवकर!"
अख्ख्या त्रिएस्तमध्ये इतक्या तातडीनं
मला दुसरीकडे कुणी आत घेतलं नाही.
सासरीसुद्धा.

सकाळचे दहा. कस्टम्सच्या कचेरीत
शिक्के मारून मारून बोटं जांभळी.
काउंटरमागे तांब्याचा हंडा, वाफेनं आंधळी झालेली काच,
हंड्यात डुकराची मान, जीभ, जाड सॉसेज.
नेरिना न बघता चिमटा बुडवायची
आणि हवं तेच वर यायचं.
बोलणं इटालियनमध्ये, शिव्या स्लोव्हेनमध्ये,
हिशेब आजीकडून शिकलेल्या जर्मनमध्ये.
आणि लाड?
लाड पळीनं.
आंबवलेला कोबी ताटलीत पडला
की कळायचं, आज आपण तिला किती थकलेले दिसतोय.

आणि सगळ्यावर किसलेलं ते मूळ. क्रेन.
दिसायला गरीब, ओल्या खोबऱ्याच्या किसासारखं.
जिभेला आधी पत्ताच लागत नाही,
मग नाकातून झणका थेट टाळूला
आणि डोळे घळाघळा.

त्या झणक्यावर आम्ही बरंच काही निभावून नेलं.
गोदीतल्या कपातीच्या यादीत नाव आलं,
त्या आठवड्यात एद्विनोनं रोज तीनदा मागून घेतलं क्रेन.
फुल्विया तर रविवारी नुसतं पावाबरोबर खायची.
तिचा मुलगा फोन करायचा रविवारी,
म्हणजे करायचा नाही.
मी, आईला पोचवून आले त्या दुपारी,
चमच्यानं.
"आज जरा जास्तच लागलं," असं कुणी पुटपुटलं
की नेरिना काउंटर पुसत म्हणायची,
"या खेपेचं मूळच मेलं खाष्ट आहे."
रुमाल नाही, पाव पुढे सरकवायची.

का बंद केलं?
एद्विनोला म्हणाली, गुडघे गेले.
फुल्वियाला म्हणाली, भाडं दुप्पट झालं.
मला म्हणाली, हंड्याला कंटाळा आला.

शेवटच्या दिवशी एवढी माणसं की एक वाजता हंड्याचा तळ दिसला,
तरी कुणी हलेना.
मग ती वस्तू वाटत सुटली.
चिमटा एद्विनोला,
बुटकं स्टूल फुल्वियाच्या कंबरेला,
किसणी माझ्या हातात.
कपाटाच्या दाराआड पेन्सिलीनं लिहिलेले
माझे साडेअकरा युरो मी पुढे केले,
तर म्हणाली, "राहू दे गं.
काहीतरी बाकी राहायला हवं."

आता तिथे प्रवाशांचं सामान ठेवतात.
भिंतीला निळी कपाटं, आकडे दाबायचे, पैसे मशिनला.
दार काचेचं, बाजूला सरकणारं.
वाऱ्याचं काही चालत नाही त्याच्यापुढे.

घरी किसते अधूनमधून.
किसणी तीच, मूळ त्याच बाजारातलं,
पाणीही येतं डोळ्यांना, नाही असं नाही.
पण एकटीच्या स्वयंपाकघरात
कुणाला म्हणायचं की आज जरा जास्तच लागलं?

गेल्या मंगळवारी बोरा सुटला.
खांबाखांबाला धरत चालले होते,
समोरून एद्विनो, दोन्ही हातांनी टोपी दाबून.
सवयीनं थांबलो दोघंही तिथेच.
आम्हाला बघून दार उघडलं,
कुणीही न उठता.
आत गेलो नाही.
दार मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

वाऱ्यात ओरडावंच लागतं, म्हणून एद्विनो ओरडला,
"क्रेन आहे घरी?"
मी ओरडले,
"आहे. पण या खेपेचं मूळ मेलं खाष्ट आहे."